शिवलेले विमान

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ८ जुलै १९१३ रोजी हॅरी हॉकर नावाच्या चोवीस वर्षांच्या ऑस्ट्रेलियन तरुणाने एक विमान आळीपाळीने जमिनीवर आणि समुद्रावर उतरवून दाखवले. पाच तासांच्या आत अशा सहा फेऱ्या करायच्या, बरोबर एक उतारू न्यायचा, आणि विमान ब्रिटिश बनावटीचे असले पाहिजे, अशा अटी होत्या. हॉकरने त्या मुदतीच्या पुष्कळ आधी पुऱ्या केल्या व पाचशे पौंडांचे बक्षीस मिळवले. त्या विमानाचे नाव ‘बॅट बोट’. टॉमस सॉपविथ याच्या किंग्स्टन येथील कारखान्यात ते तयार झाले होते. विमानविद्येच्या जाड ग्रंथांतून या प्रसंगाला चार ओळी मिळतात, आणि मग ग्रंथकार पुढच्या वर्षी सुरू झालेल्या महायुद्धाकडे वळतो. त्यात त्याचा दोष नाही. युद्ध सुरू झाले की बक्षिसे कोण लक्षात ठेवतो?

पण बक्षीस देणाऱ्याचे नाव वाचून मी थांबलो. मॉर्टिमर सिंगर. हा आयझॅक मेरिट सिंगर याचा मुलगा. म्हणजे ज्याचे नाव सोनेरी अक्षरांत कोरलेले काळे शिवणयंत्र आपल्याकडे कितीतरी घरांत खिडकीपाशी ठेवलेले असे, त्या सिंगरचा. बापाने शिलाईच्या यंत्रावर अफाट संपत्ती मिळवली. मुलाला फुगे, मोटारी आणि विमाने यांचा नाद. त्या संपत्तीतले पाचशे पौंड त्याने जमीन आणि पाणी दोन्ही साधणाऱ्या विमानासाठी लावले. येथपर्यंत नवल काही नाही. नवल पुढेच आहे. ज्या विमानाने हे बक्षीस जिंकले त्याची नौका शिवलेली होती. अलंकारिक अर्थाने नव्हे, खरोखरच सुईच्या भोकांतून तार ओवून टाके घालून शिवलेली! एखाद्या कादंबरीकाराने असा योगायोग घातला असता तर आपण त्याच्या ओढाताणीला हसलो असतो.

ही नौका सॉपविथने स्वतः केली नव्हती. त्याने ती सॅम सॉन्डर्स या होड्या बांधणाऱ्याकडून करून घेतली. सॉन्डर्सचे घराणे थेम्स नदीवर होड्या बांधणाऱ्यांचे. १८९८ साली त्याने शर्यतीच्या पंचांना बसण्यासाठी वाफेवर चालणारी एक हलकी, वेगवान नाव बांधली, आणि तिला ‘कॉन्सूटा’ असे लॅटिन नाव दिले. कॉन्सूटा म्हणजे एकत्र शिवलेली. महॉगनी लाकडाचे पातळ पापुद्रे एकावर एक ठेवायचे, दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी न शिरू देणारे मेणकापडासारखे कापड घालायचे, आणि सगळा थर तांब्याच्या तारेने आरपार शिवून टाकायचा, अशी ती रीत. त्या काळचा सरस पाण्यात टिकत नसे. पापुद्रे चिकटवून भागत नव्हते. तारेच्या टाक्यांनी मात्र ते घट्ट धरून ठेवले, आणि लाकडाचे असे कवच हाती आले की जे हलके असून पाण्याचा तडाखा बसला तर किंचित लवते, फुटत नाही. ती मूळ नाव अजून शिल्लक आहे. पुढे ही रीतच कॉन्सूटा या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि सॉन्डर्स आइल ऑफ वाइट बेटावर जाऊन स्थिरावल्यावर तीच रीत उडणाऱ्या नौकेला लागली.

विमानाचे नावही पाहण्यासारखे आहे. ‘बॅट बोट’ हे शब्द रडयार्ड किपलिंगच्या १९०५ सालच्या एका भविष्यकथेतून उचललेले आहेत, आणि किपलिंग जन्मला मुंबईत, १८६५ साली. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. याचा आपल्या विषयाशी तसा काही संबंध नाही. पण मुंबईकडच्या माणसाला असे धागे दिसले की ते ओढून पाहिल्यावाचून राहवत नाही, एवढेच.

खरा धागा दुसराच आहे, आणि तो मुंबईच्याही थोडा वर, मी राहतो त्या वसई तालुक्यात सापडतो.

नालासोपारा हे नाव आज लोकलच्या गर्दीशी इतके जोडले गेले आहे की तेथे कधी समुद्रावरून जहाजे येत होती हे सांगितले तर ऐकणारा आपल्याकडे संशयाने पाहतो. पण पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये या किनाऱ्यावरच्या बंदरांत सोपाऱ्याचे नाव आहे. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा इथेच मिळाला, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरूड राजाच्या कोटात उत्खनन करून स्तूपातले अवशेष बाहेर काढले. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर आत राहिले. आता खाडीच्या जागी चिखल, खारफुटी आणि इमारती आहेत.

या सोपाऱ्यात १३२१ साली जॉर्डनस नावाचा एक फ्रेंच धर्मोपदेशक होता. त्याचे चार फ्रान्सिस्कन सोबती ठाण्याला मागे राहिले होते आणि तेथे ते मारले गेले. जॉर्डनसने त्यांची प्रेते सोपाऱ्याला आणून पुरली. वसईच्या ख्रिस्ती समाजाला ही कथा ठाऊक आहे, पण तिच्यातला मला हवा असलेला भाग धर्माचा नाही, जहाजाचा आहे. जॉर्डनसने पुढे हिंदुस्थानातल्या नवलांविषयी एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की इथली जहाजे मोठी असतात, पण त्यांत लोखंड म्हणून नसते. ती सुईने आणि गवताच्या दोऱ्याने शिवलेली असतात. त्यांना वरचा तक्ता नसतो, आणि आत इतके पाणी येते की माणसांना त्यात उभे राहून सारखे उपसत बसावे लागते. त्याच्या मागोमाग ओडोरिक नावाचा इटालियन साधू होर्मूझहून अशाच एका शिवलेल्या जहाजात बसला. त्यालाही जहाजात लोखंडाचा तुकडा सापडला नाही. अठ्ठावीस दिवसांनी तो ठाण्याला उतरला, आणि सोपाऱ्याला पुरलेल्या आपल्या बांधवांच्या अस्थी घेऊन पुढे गेला.

म्हणजे सातशे वर्षांपूर्वी आमच्या खाडीच्या तोंडाशी जी जहाजे लागत होती त्यांत शिवलेली जहाजे होती, याला डोळ्यांनी पाहणाऱ्या दोघांची साक्ष आहे. बोरिवलीजवळ एक्सरला शिलाहारकालीन वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे. वल्ह्यांच्या रांगा स्पष्ट दिसतात. पण दगडात कोरणाऱ्याने टाका कोरला नाही, आणि म्हणून या बाबतीत परदेशी साधूंच्या लिखाणावरच विसंबावे लागते.

आता या साधूंचा सूर पाहा. जॉर्डनसला नवल वाटले खरे, पण त्या नवलात तक्रार मिसळलेली आहे. त्याच्या काही वर्षे आधी मार्को पोलोने होर्मूझची शिवलेली जहाजे पाहिली होती. त्याने तर सरळच लिहिले की ही जहाजे वाईट, ती बुडतात, आणि लोखंडी खिळे नाहीत म्हणून नारळाच्या काथ्याने शिवावी लागतात. खिळे का नाहीत याचे कारणही त्याने दिले आहे: इथले लाकूड इतके कठीण की खिळा ठोकला तर मडक्यासारखे तडकते. यात थोडे खरे असेल. पण ज्यांच्यापाशी लोखंड होते, ज्यांनी तलवारी घडवल्या आणि नांगर ओढले, त्यांनी शतकानुशतके जहाजाला मुद्दाम खिळा लावला नाही याचे उत्तर केवळ लाकडाच्या कठीणपणात शोधणे मला पटत नाही.

योग्य उत्तर दिले ते इब्न बतूताने. तो साधू नव्हता, व्यापाऱ्यांच्या आणि खलाशांच्या सोबतीने फिरलेला मनुष्य होता, आणि खलाशी काय सांगतात ते त्याने ऐकून घेतले. हा समुद्र खडकांचा आहे, तो म्हणतो. खिळ्यांनी ठोकलेले जहाज खडकावर आपटले की फुटते, काथ्याने शिवलेले लवते आणि निभावते. एवढ्या एका वाक्यात जहाजबांधणीचे सबंध शास्त्र आहे. खिळा दोन फळ्यांना एका बिंदूत धरतो. धक्का बसला की सगळा जोर त्या बिंदूवर येतो. टाका धक्का शेजारच्या टाक्याला वाटून देतो. शिवाय खाऱ्या पाण्यात लोखंड गंजते, आणि काथ्याला खारे पाणीच मानवते. शिवण सैल झाली तर उसवून पुन्हा घालता येते. जहाज जुने झाले म्हणून त्याच्या फळ्या टाकून द्याव्या लागत नाहीत. फटी राळेने आणि तेलाने माखायच्या, दर काही हंगामांनी काथ्या बदलायचा, आणि नातवाने आजोबाच्या जहाजातून जायचे. पाणी आत येते हे खरे. पण जॉर्डनसला उपसणारी माणसे दिसली. त्या उपसण्याच्या बदल्यात त्यांनी काय मिळवले होते ते दिसले नाही.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. १५३४ साली वसई त्यांच्या हाती पडली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिली. या दोन शतकांत आपल्या किनाऱ्यावर मोठ्या जहाजांच्या बांधणीत खिळा स्थिरावला. तोफा बसवायच्या तर लवणारे कवच चालत नाही, हे त्यामागचे एक मोठे कारण. शिवलेले जहाज हळूहळू आडबाजूच्या नद्यांत आणि खाड्यांत गेले, आणि लिहिणाऱ्यांच्या लेखी ते अडाणीपणाची खूण ठरले. आणि मग साडेतीनशे वर्षांनी थेम्सच्या काठी एका होडीवाल्याने लाकूड शिवले, तेव्हा त्याचे ‘पेटंट’ झाले.

येथे वाचकाला वाटेल की मी आता सॉन्डर्सने आपली विद्या चोरली असे सिद्ध करणार. तसे मुळीच नाही. सोपाऱ्याच्या जहाजांत टाका फळीच्या कडेला फळीची कड जोडतो. सॉन्डर्सच्या नौकेत तो थरावर थर बांधून ठेवतो. एक गोधडीची शिवण म्हणा, दुसरी दोन धोतरे जोडून केलेल्या पासोडीची. दोन्ही ठिकाणी कारण मात्र एकच आहे: पाणी मारते, आणि मार खाऊन जे लवेल ते टिकते. एकच विचार दोन देशांत दोन वेळा स्वतंत्रपणे सुचावा, यात कोणाच्याच मोठेपणाला कमीपणा येत नाही.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे की विमान आणि प्राचीन भारत हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याकडे डोकी फिरतात. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले ही गोष्ट गेली कित्येक दशके सांगितली जाते, तिच्यावर चित्रपटही निघाला, पण त्या दिवशी ते पाहून त्याच वेळी लिहून ठेवलेला विश्वसनीय पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. ज्या ग्रंथाचा आधार सांगतात त्या वैमानिक शास्त्राचा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९७४ साली अभ्यास केला आणि त्यातली यंत्रे उडू शकत नाहीत असे दाखवून दिले. तरी २०१५ साली मुंबईत भरलेल्या विज्ञान परिषदेत हा विषय पुन्हा वाजतगाजत आलाच. तळपदे हे संस्कृताचे आणि यंत्रांचे वेड असलेले गृहस्थ होते. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण जे झाल्याचा पुरावा नाही त्याच्यावर अभिमानाचे मनोरे चढवायचे, आणि जे सातशे वर्षांपूर्वी परक्यांनी डोळ्यांनी पाहून लिहून ठेवले त्या आपल्या सुताराच्या टाक्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हा कोणता न्याय? चौपाटीवरच्या विमानाला स्मारक मागणारे पुष्कळ भेटतात. सोपाऱ्याच्या शिवलेल्या जहाजाविषयी विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

असो. या बॅट बोटीची प्रतिकृती मी गेल्या वर्षी वसईत तयार केली, चोवीसास एक या प्रमाणात. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ४१ फूट, म्हणजे प्रतिकृतीचा वीस इंचांहून थोडा जास्त. प्रतिकृती करणे हा पोरखेळ आहे असे मानणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे की इतिहासाच्या अभ्यासात हिच्याइतका कठोर परीक्षक नाही. फोटोत विमानाची एक बाजू दिसते. दुसऱ्या बाजूविषयी लेखकाला मौन पाळता येते. सुताराला येत नाही. तळ कसा होता, तो कुठे वळला, कड किती जाड होती, हे ठरवल्यावाचून पटाशी लाकडावर ठेवताच येत नाही.

साचा मी शिवणीच्या लाकडाचा केला. शिवण हे झाडाचे नाव आहे, हलक्या आणि कोरायला सोप्या लाकडाचे. शिवलेल्या नौकेचा साचा शिवणीचा व्हावा हा शब्दांचा खेळ मी जमवून आणलेला नाही. वखारीत तेच लाकूड होते. कोरलेला साचा घेऊन मी पाचूबंदरला होड्या बांधलेल्या एका वृद्ध सुतारकाकांकडे गेलो. आता त्यांचे हात थांबले आहेत. नव्या होड्या बहुतेक फायबरच्या होतात, साच्यावर थर चढवून. त्यांनी साचा उलटा करून तळावर अंगठा फिरवला. नाळेपासून मागे येता येता अंगठा थांबला. तिथे तळ एकाएकी वर उचललेला होता.

“इथे पायरी कशाला केली?” ते म्हणाले. “पाणी अडेल ना.”

मी म्हटले, “अडायलाच हवे, काका. त्याशिवाय ते उठणार नाही.”

त्यांचा विश्वास बसला नाही, आणि होडीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबरच होते. होडीला पाण्यात राहायचे असते. उडणाऱ्या नौकेला पाणी सोडायचे असते, आणि पाणी सहजासहजी सोडत नाही. नौका जोरात धावू लागली की तळाच्या वळणावरून पाणी चिकटून वाहते आणि तिला खाली ओढून धरते. ओल्या ताटावर दुसरे ताट पालथे पडले तर ते उचलताना जो चिकटपणा लागतो, त्याचीच ही थोरली बहीण. तळाला पायरी दिली की तिथे पाण्याची धार तुटते, खाली हवा शिरते, आणि नौका पुढच्या भागावर घसरत घसरत मोकळी होते. फ्रान्समध्ये आंरी फाब्र याने २८ मार्च १९१० रोजी पाण्यावरून पहिले विमान उठवले. अमेरिकेत ग्लेन कर्टिसने पुढच्याच वर्षी त्याला चाके जोडून जमीन, पाणी आणि आकाश तिन्ही साधली. पण पूर्ण नौकेच्या आकाराचे विमान पाण्यातून उठायला ही पायरी सापडावी लागली. काकांना मी हे ताटाचेच उदाहरण देऊन सांगितले. ते थोडा वेळ साचा हातात धरून बसले आणि मग एवढेच म्हणाले, “मग ही होडी नव्हे. होडीचे सोंग आहे.” मला याहून चांगली व्याख्या कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

या साच्यावरून प्लॅस्टिकचे कवच काढायचे ते निर्वाताच्या रीतीने. वसई पूर्वेला गोखिवरे, वालीव, सातिवली या भागांत प्लॅस्टिकचे अनेक लहान कारखाने आहेत. ज्याला तिथे ‘व्हॅक्यूम फॉर्मिंग’ म्हणतात ते यंत्र मिठाईच्या खोक्यांतले खळग्याखळग्यांचे ट्रे काढते. आपण हे वाचत असाल तेव्हा शेजारच्या खोक्यात काजूकतली ज्या ट्रेमध्ये बसली असेल, तो अशाच रीतीने जन्माला आलेला असणार. दिवाळीच्या आधी ही यंत्रे रात्रंदिवस चालतात आणि तेव्हा तिथे जाऊन उडत्या होडीविषयी बोलणे म्हणजे मार खाणे. म्हणून मी तुळशीच्या लग्नानंतर गेलो.

रीत साधी आहे. पॉलिस्टायरीनचे शीट चौकटीत चारी बाजूंनी आवळायचे आणि वरून तापवायचे. दीडशे अंशांच्या आसपास ते मऊ होऊन ओल्या चादरीसारखे झोल धरते. त्याच क्षणी ते साच्यावर आणायचे आणि खालची हवा पंपाने काढून घ्यायची. डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच शीट साच्याला मिठी मारते, आणि नौकेची नाळ, कूस, तळ सगळे एकदम उभे राहते. आपण म्हणतो की हवा ओढून घेतली म्हणून ते बसले. वस्तुतः खाली काहीच नसते, काम करते ती वरची हवा. दर चौरस सेंटिमीटरवर तिचे वजन साधारण एक किलो. चाळीस सेंटिमीटर लांब आणि तीस रुंद शीटवर, खाली पुरता निर्वात झाला तर, बाराशे किलो. आपण सर्वजण ते ओझे डोक्यावर घेऊन वावरतो आणि ते आपल्याला कळत नाही. ते कळते अशा वेळी. मला मौज वाटली ती याची की बॅट बोटीचा सारा खटाटोप ज्या चिकटण्याशी झगडण्यासाठी होता, त्याच चिकटण्याने तिची प्रतिकृती घडत होती.

या कामात खाचाखोचा आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर करणाऱ्याचा उपयोग नाही. साचा प्लॅस्टिकच्या जाडीइतका लहान कोरावा लागतो, नाहीतर कवच फुगीर येते. भिंतींना किंचित उतार हवा, नाहीतर साचा आत अडकतो. आतल्या कोपऱ्यात हवा दडून बसते आणि प्लॅस्टिक तिथे कमानीसारखे तरंगत राहते. म्हणून पायरीच्या कोपऱ्यात सुईएवढी भोके ओळीने पाडली, आणि तरीही पायरी बोथट येते हे ओळखून तळ वेगळ्या साच्यावर काढला. दोन कुशी आणि एक तळ, असे तीन तुकडे. कडेचे जास्तीचे प्लॅस्टिक सुरीने रेघ ओढून मोडायचे आणि मग पॉलिश पेपरवर कडा घासत बसायचे. एक मिलिमीटरचे शीट या प्रमाणात चोवीस मिलिमीटरची, म्हणजे इंचभर जाडीची भिंत होते. खरी नौका इतकी जाड असती तर ती उडाली नसती. म्हणून जिथे कड दिसते, बसण्याच्या जागेभोवती, तिथे आतून खरवडून ती कागदासारखी करावी लागली. पंख मात्र बांबूच्या काड्यांचे, पतंगाच्या कागदाने मढवलेले. पंखांमधल्या ताणाच्या तारांसाठी कोळीवाड्यातली बारीक तंगूस.

सगळे जुळल्यावर समोर जे आले ते गुळगुळीत होते. सर्वांगाने गुळगुळीत. निर्वाताने घडलेल्या वस्तूला जोड नसतो, सांधा नसतो, धागा नसतो; ती एका अंगाची असते. आणि बॅट बोट तर सगळीच टाक्यांची. कॉन्सूटा रीतीच्या नौकेला जवळून पाहिले तर टाक्यांच्या रांगाच रांगा दिसतात, वहीच्या रेघांसारख्या. इंचभर टाका या प्रमाणात एक मिलिमीटरचा होतो. तो दाखवावा की सोडून द्यावा? प्रतिकृतीकारांत याविषयी दोन पंथ आहेत. एक म्हणतो, चोवीस पावलांवरून खरी वस्तू पाहिली तर जे दिसणार नाही ते एका पावलावरच्या प्रतिकृतीतही दिसू नये. हा पंथ तर्काला धरून आहे, आणि विमानाच्या खिळ्यांविषयी मीही तोच पाळतो.

टाक्यांविषयी मी तो पाळला नाही. शिंप्याकडे कागदावरची रेघ कापडावर उतरवायला एक दातेरी चाक असते; ते आमच्या घरी शिवणाच्या डब्यात होते. प्लॅस्टिक हलकेच कोमट करून, पातळ पट्टीच्या आधाराने ते चाक नाळेपासून पायरीपर्यंत आणि पायरीपासून मागे, ओळीमागून ओळ फिरवले. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. वर तपकिरी रंगाचा पातळ हात देऊन पुसून घेतला, तेव्हा खळग्यांत रंग राहिला आणि टाके उमटले. तर्काच्या पंथाला ते खुपेल. पण टाके गाळून बॅट बोट करणे म्हणजे जॉर्डनसने पाणी पाहावे आणि शिवण पाहू नये, तसेच झाले असते.

जमीन आणि पाणी दोन्ही साधणारे विमान आपल्या देशाच्या नौदलातही होते, आणि तेही अगदी पहिले. ११ मे १९५३ रोजी कोचीनला ‘गरुड’ हा नौदलाचा विमानतळ सुरू झाला, आणि त्याची पहिली विमाने होती बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्सनी बांधलेली ‘सीलँड’. अशी दहा विमाने घेतली होती. त्यांतले एक मी गोव्यात, बोगमाळ्याच्या नौदल विमान संग्रहालयात, उघड्या आवारात उभे असलेले पाहिले. त्याचे अंग धातूच्या पत्र्याचे, रिव्हेटांचे. तळाशी वाकून पाहिले तर पायरी आहे. शेजारी ‘सी हॉक’ आहे, ‘विक्रांत’वरून उडणारे, आणि हॉक हे नाव ज्या कंपनीच्या नावावरून चालत आले ती सॉपविथचा कारखाना बंद पडल्यावर १९२० साली हॅरी हॉकरच्या नावाने उभी राहिलेली. पाहणारे लोक सी हॉकपुढे फोटो काढतात. सीलँडच्या सावलीत आईस्क्रीम खातात.

त्याच गोव्यात, मांडवीच्या काठी, एका खासगी गोदीत १२ सप्टेंबर २०२३ रोजी एका जहाजाचा कणा घातला गेला. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि ती गोदी यांनी मिळून घेतलेले हे काम. नमुना कुठला, तर आपल्या अजिंठ्याच्या चित्रातले पाचव्या शतकातले जहाज. चित्राखेरीज नकाशा नाही, मोजमाप नाही, जुने जहाज शिल्लक नाही. तेव्हा त्यांनीही तेच केले जे प्रतिकृतीकार करतो: चित्रावरून आकार ठरवला, लहान प्रतिकृती केली, आणि ती मद्रासच्या आयआयटीत पाण्यात चालवून पाहिली. मग केरळातून जुन्या वळणाचे सुतार आणले आणि त्यांनी फळीला फळी काथ्याने शिवली. खिळा नाही. फटींत काथ्या आणि वरून राळ. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या नौदल तळावर ते नौदलात दाखल झाले, आणि त्याला ‘कौंडिण्य’ असे नाव मिळाले.

२९ डिसेंबर २०२५ रोजी कौंडिण्य पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. इंजिन नाही, शिडे आणि सुकाणूची वल्ही. पंधरवड्याहून थोड्या अधिक दिवसांत ते पोचले. त्याच पाण्यातून उलट दिशेने ओडोरिकला ठाण्यापर्यंत यायला अठ्ठावीस दिवस लागले होते. अर्थात होर्मूझ मस्कतच्या पलीकडे आहे, आणि ठाणे पोरबंदरच्या बरेच खाली.